गॅरेजमध्ये फोर पोस्ट लिफ्ट बसवताना: फरशीपासून पहिल्या गाडीपर्यंत

लिफ्ट घेऊन आलेला ट्रक दारात उभा आहे आणि मालक टेप घेऊन शेडची उंची मोजतोय, हे दृश्य मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. एका ठिकाणी पत्र्याखालची कैची आडवी आली, दुसरीकडे शटरची पेटी. लिफ्ट उभी करणं दोन दिवसांचं काम. त्याआधीची तयारी मात्र महिना-दीड महिन्याची, आणि ती नीट कुणी सांगत नाही. विकणाऱ्याला माल काढायचा असतो, फिटरला संध्याकाळची एसटी पकडायची असते. म्हणून या लेखात पाने-पकडीपेक्षा खडी-सिमेंटबद्दल जास्त वाचायला मिळेल.

इथे धरलेली लिफ्ट म्हणजे चार खांबांवर गाडी उचलणारी, ४ टनी, वायर रोपवर चालणारी, एका हायड्रॉलिक सिलिंडरची. व्हील अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, दुकानात बहुधा हीच दिसते. चार पोस्ट, पुढे-मागे दोन क्रॉस बीम, त्यांवर दोन लांब प्लॅटफॉर्म. सिलिंडर एका प्लॅटफॉर्मच्या पोटात असतो. तो चार रोप ओढतो, रोप क्रॉस बीमच्या टोकांतल्या पुल्यांवरून जाऊन पोस्टच्या माथ्याला बांधलेले असतात. प्रत्येक पोस्टच्या आत खाचांची एक उभी पट्टी असते आणि त्या खाचेत लॉक बसतं. एवढं चित्र डोक्यात पक्कं असू द्या: रोप उचलतो, पट्टी धरते. पुढची निम्मी गडबड हे दोन वेगळे न ठेवल्यामुळे होते.

टू पोस्टपेक्षा ही वेगळी कशी? टू पोस्टमध्ये गाडी हातांवर लोंबते, त्यामुळे खांब मुळातून उपटू पाहतो आणि सगळा भरवसा अँकरवर, म्हणजे फरशीत ठोकलेल्या बोल्टवर, येतो. फोर पोस्ट टेबलासारखी उभी राहते, वजन सरळ खाली जातं. मात्र गाडी चाकांवरच उभी असल्याने ब्रेकचं काम करायचं तर दोन प्लॅटफॉर्मच्या मधला सरकता जॅक वेगळा घ्यावा लागतो. तो ऑर्डरमध्येच लिहून घ्या. आणि जुनं पिट अजून वापरत असाल तर लिफ्ट घ्यायला तेवढं एक कारण पुरे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते, आणि पावसाळ्यात खाली पाणी असतं ते निराळंच.

माप: उंची आधी, बाकी नंतर

४ टनी लिफ्टची उचल साधारण १७०० ते १८०० मिलिमीटर असते. फॉर्च्युनरची उंची १८३५, इनोव्हा क्रिस्टाची १७९५. म्हणजे १८०० अधिक १८३५, झाले ३६३५ मिलिमीटर, जवळपास १२ फूट. त्यावर कॅरिअर, अँटेना आणि थोडी मोकळीक. शेडच्या सर्वांत खालच्या आडव्या गोष्टीपासून जमिनीपर्यंत १३ फूट निव्वळ मिळाले तर निर्धास्त राहा. पत्र्याच्या शेडला उतार असतो, म्हणून माप मधे नको, जिथे गाडीचं नाक आणि शेपूट येणार तिथे घ्या. पंखा, ट्यूबलाइट, हवेची लाइन हेही छतच समजा. आणखी एक: वर गेलेल्या गाडीची डिकी कुणीतरी उघडतंच. ती वर उघडणारी असेल तर पत्र्याला पोचा आणि गिऱ्हाइकाच्या दाराला रंग, दोन्ही तुमच्या खात्यावर.

उंची कमी पडत असेल तर लिफ्ट परत पाठवण्याआधी विचारा, वरची एक-दोन लॉकं सोडून मर्यादा स्विच, म्हणजे ठरावीक उंचीला मोटर बंद करणारा, खाली बसवता येतो का. बहुतेकांत येतो.

रुंदीला पोस्टच्या बाहेरून ३.२ ते ३.४ मीटर धरा आणि दोन्ही बाजूंना माणूस पाना घेऊन वळेल इतकी, निदान अडीच-तीन फूट जागा सोडा. लांबीत लोक चुकतात ते रॅम्पच्या मागे. गाडी सरळ रेषेत चढायला रॅम्पच्या टोकापासून मागे १८-२० फूट मोकळे लागतात. रस्त्यावरून वळत वळत चढणारी गाडी रोज प्लॅटफॉर्मच्या कडेवर टायर घासते. अलाइनमेंटचं कॅमेऱ्याचं मशीन असेल तर पुढे किती अंतर हवं ते त्या मशीनच्या कागदावर असतं. लिफ्टवाल्याला विचारू नका, तो अंदाजाने सांगेल. टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायचा विचार असेल तर प्लॅटफॉर्मची लांबी आधी बघा. फॉर्च्युनरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २७४५ मिलिमीटर आहे, पण लांब ट्रॅव्हलरचा ४ मीटरच्या वर जातो. वजनही बघा: भरलेला ट्रॅव्हलर ४ टनांच्या घरात पोहोचतो, म्हणजे त्याच्यासाठी ही लिफ्ट नव्हेच.

फरशी

४ टनांची गाडी आणि लिफ्टचं स्वतःचं टनभर वजन, चौघांत वाटलं तर एका पोस्टखाली सव्वा टन. इंजिन एका टोकाला असल्याने वाटणी समान कधीच नसते, त्यामुळे एखाद्या पोस्टवर पावणेदोन टन धरून चाला. आणि हे वजन येतं ते फूटभर लांबी-रुंदीच्या एका पत्र्यावर.

कृष्णाकाठी आमच्याकडे खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळ्या मातीवर सरळ काँक्रीट ओतलं तर पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक पोस्ट सुताने वर आलेला असतो आणि अलाइनमेंट केलेल्या गाड्या तक्रार घेऊन परत येतात. मशीनला दोष दिला जातो, टायरला दोष दिला जातो, मातीचं नाव कुणी घेत नाही. कोकणात जांभा लागतो तिथे हा त्रास नाही. पण सोलापूर, सांगली, मराठवाडा, विदर्भ अशा पट्ट्यात काळी माती मुरूम लागेपर्यंत काढायची. फारच खोल असेल तर निदान तीन-चार फूट. मग मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून रोलर किंवा धुम्मसाने दाबायचे, त्यावर दगडी सोलिंग, पीसीसी (बिनगजांचं काँक्रीट) आणि वर आरसीसी (गजांचं काँक्रीट).

काँक्रीट एम २५ ताकदीचं मागा. जाडीला लिफ्टच्या ड्रॉइंगमधला आकडा किमान समजा. मी स्वतः सगळीकडे १५० मिलिमीटर करून पोस्टच्या जागी दोन बाय दोन फुटांत २०० पर्यंत खाली उतरवतो आणि १० मिलिमीटर गजांची जाळी २०० च्या अंतराने टाकतो. चार सुटे ठोकळे ओतू नका. एक ठोकळा खचला की लिफ्ट पिळते. एकसंध स्लॅब खचलाच तर सगळा मिळून खचतो. रेडीमिक्स परवडत असेल तर तेच घ्या. मिक्सरवर करायचं तर घमेल्याने पाणी ओतणाऱ्यावर लक्ष ठेवा, कारण मिस्त्रीला पातळ माल पसरायला सोपा जातो आणि ताकद तिथेच जाते. तीन क्यूब, म्हणजे तपासणीचे काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्यायला सांगा. ते प्रयोगशाळेत दाबून घेण्याचा खर्च लिफ्टच्या तुलनेत किरकोळ असतो.

पाणी मारणं हा भाग सगळ्यांना माहीत असतो आणि कुणी करत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अॅश मिसळलेल्या पीपीसीला किमान १० दिवस ओल हवी, आणि बाजारात मिळणारं पोतं बहुधा पीपीसीचंच असतं. मातीचे आळे करून पाणी कोंडा किंवा ओलं गोणपाट पसरा. अँकरसाठी ड्रिल २८ दिवसांआधी लावू नका. सातव्या दिवशी काँक्रीटची ताकद साधारण दोन तृतीयांश असते. पोस्ट उभा राहील, पण अँकर आवळताना भोकाच्या कडेचा टवका उडेल.

स्लॅब सपाट हवा. गाड्या धुण्याच्या जागेसारखा उतार इथे काढायचा नाही, आणि लिफ्टवर गाडी धुवायचीही नाही.

जुनी फरशी वापरायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. जिथे पोस्ट येणार त्याच्या जवळ १२ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडत जा आणि धूळ पाहत राहा. राखाडी आहे तोवर काँक्रीट. तपकिरी झाली किंवा ड्रिल एकदम आत गेलं की काँक्रीट संपलं. टोक वाकवलेली तार आत घालून जाडी मोजा. हे चारही ठिकाणी करा. ढलाई एका कोपऱ्यात सहा इंच आणि दुसऱ्यात तीन इंच निघणं हे आश्चर्य नाही. शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतील तर पोस्टखालच्या काढाव्याच लागतात. खाली मसाल्याची गादी असते, ती अँकर धरत नाही.

वीज

३ एचपी मोटर थ्री फेजवर साधारण ५ अँपिअर घेते, सिंगल फेजवर त्याच्या अडीच-तीन पट, आणि सुरू होताना त्याहून बरीच जास्त. शेडमध्ये थ्री फेज असेल तर मोटर थ्री फेजचीच मागवा. एमसीबी मोटरच्या जातीचा, म्हणजे सी किंवा डी वळणाचा, सोबत आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवाच. एक फेज गेला की मोटर घुंघुं करत जळते आणि वॉरंटीवाला हात वर करतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर सांगलीत ज्यांनी पाहिला, त्यांना स्विचबोर्ड छातीच्या वर का घ्यायचा ते सांगायला नको.

माल उतरवणं आणि आखणी

गठ्ठा टनाच्या आसपास असतो. हायड्रा, म्हणजे छोटी क्रेन, बोलवा. पोरांना लावून लोखंड घसरवत उतरवण्यात वाचलेले पैसे कुणाच्या तरी पायाच्या बोटात जातात. गठ्ठ्याच्या पट्ट्या कापण्याआधी बाजूला उभे राहा, प्लॅटफॉर्म एकमेकांवर रचलेले असतात आणि पट्टी तुटली की सरकतात. मग यादी घेऊन प्रत्येक नट मोजा. रोप उलगडून लांबीप्रमाणे लावा आणि प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव द्या: पुढचा डावा, मागचा उजवा. चारांच्या लांब्या वेगळ्या असतात. हे आत्ता केलं नाही तर दुपारी सगळं उलटं ओढावं लागतं.

आखणीला गाडीच्या जाण्याची मधली रेघ आधी मारा, भिंतीला समांतर नको, दाराच्या मध्याला धरून. त्या रेघेवर काटकोन काढायला गवंड्याचं तीन-चार-पाच (या मापांच्या बाजूंचा त्रिकोण) पुरतं, फक्त फुटांऐवजी मीटरमध्ये करा, चूक कमी होते. चार पोस्टच्या जागा आखल्या की कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुसून पुन्हा. रेघा खडूच्या नकोत, पायाखाली जातात; मार्करने मारा.

उभारणी

पॉवर युनिट, म्हणजे मोटर आणि पंप, बसतं तो मुख्य पोस्ट कुठला, ते आधी ठरवा. ड्रायव्हरच्या दाराकडे नको, दार उघडून त्यावर आपटतं. क्रॉस बीम जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, एकेक पोस्ट उभा करून बीमचं टोक त्यात सरकवा, मग वरून खाचांची पट्टी सोडून माथ्याला नट लावा. पोस्ट अजून जमिनीला धरलेला नाही, म्हणून प्रत्येकाजवळ एक माणूस. चारही टोकं खालून मोजून त्याच क्रमांकाच्या खाचेत लॉक करा. एक टोक एक खाच वर राहिलं तर प्लॅटफॉर्म ठेवताना बीम पिळतो आणि मग बोल्टची भोकं जुळत नाहीत. फिटर हातोडा उचलायला लागला की समजा, खाच चुकली आहे.

आता प्लॅटफॉर्म. सिलिंडरवाला मुख्य पोस्टच्या बाजूला. हायड्राने किंवा चेन पुलीने उचला, बीमवर ठेवा, बोल्ट हाताने लावा, आवळू नका. रोप ओवताना प्रत्येक पुलीची पिन काढून घालावी लागते. रोप पुलीच्या खोबणीत बसला आहे का, शेजारच्या रोपावर चढला तर नाही ना, कुठे पीळ पडलाय का, हे बॅटरी लावून पाहा. प्लॅटफॉर्मच्या पोटात अंधार असतो आणि चूक तिथेच लपते. पिन परत बसवली की तिचं सर्क्लिप किंवा स्प्लिट पिन लगेच. नंतर लावू म्हटलेलं राहतं. रोप ढिला पडला तर लॉक पडावं म्हणून त्यावर एक वेगळा खटका टेकलेला असतो. तो स्प्रिंगने मोकळा हलतो का, ते बोटाने करून बघा.

तेल कंपनीने सांगितलेलंच घाला, बहुधा ३२ किंवा ४६ नंबरचं हायड्रॉलिक. टाकी भरताना गाळणी वापरा. थ्री फेज मोटर पहिल्यांदा नुसती एक-दोन सेकंद फिरवा. आवाज आहे पण प्लॅटफॉर्म हलत नाही, म्हणजे बहुधा उलटी फिरतेय. वायरमनला दोन फेज अदलाबदल करायला सांगा. उलटा पंप मिनिटभर चालवला तर तो पंप राहात नाही.

हवा काढायला प्लॅटफॉर्म रिकामाच चार-सहा वेळा पूर्ण वर-खाली करा. सुरुवातीला तो धक्के देत चढतो, मग गुळगुळीत होतो. तेलाची पातळी पुन्हा पाहा.

लेव्हल: दोन नट, दोन कामं

पोस्टच्या माथ्यावर दोन नट असतात. एक पट्टीचा, एक रोपाचा. पट्टीचा नट ठरवतो की लॉकवर टेकल्यावर तो कोपरा किती उंचीवर बसेल. रोपाचा नट ठरवतो की चढताना तो कोपरा इतरांबरोबर येतो की मागे राहतो. आधी पट्टी, मग रोप. उलटं केलं की दिवस जातो.

आधी ओळंबा लावून चारही पोस्ट दोन्ही दिशांनी सरळ करा. लागेल तिथे पायाखाली लोखंडी शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घाला. अर्ध्या इंचापेक्षा जास्त शिम लागत असेल तर थांबा, ती दुरुस्ती लोखंडाची नाही, फरशीची आहे. बीमचं टोक पोस्टमध्ये दोन्ही बाजूंना सारखी फट ठेवून बसलं पाहिजे.

मग ज्या उंचीवर अलाइनमेंट करणार त्या खाचेत प्लॅटफॉर्म टेकवा आणि चाकांखालच्या फिरत्या-सरकत्या प्लेटच्या (टर्न प्लेट, स्लिप प्लेट) जागी माप घ्या. डावं-उजवं दीड मिलिमीटरच्या आत, पुढचं-मागचं तीनच्या आत आणा. यासाठी लेसर चमकदार दिसतो, पण साधे लेसर १० मीटरला ३ मिलिमीटर इकडेतिकडे दाखवतात. गवंड्याचा पाण्याचा पाइप त्याहून खरा, आत बुडबुडा नसला म्हणजे झालं. एवढी कटकट कशाला, तर डाव्या-उजव्यात ५ मिलिमीटरचा फरक १.५ मीटरच्या ट्रॅकवर (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) ०.१९ अंश होतो. गुरुत्वाकर्षणावर मोजणाऱ्या सेन्सर हेडच्या मशीनवर तो थेट कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकावात, येतो, एका चाकाला अधिक, दुसऱ्याला उणे.

आता रोप. प्लॅटफॉर्म चढवताना चार लॉकांची टकटक ऐका. चारही एकदम वाजली पाहिजेत. जो कोपरा उशिरा वाजतो तो मागे आहे, त्याचा रोप नटाने थोडा आवळा. जो आधी वाजतो त्याचा सैल करा. अर्धा-अर्धा फेराच. जमलं की लॉकनट.

अँकर शेवटी

हे सगळं झाल्यावरच ड्रिल. पायाच्या पत्र्याच्या भोकातूनच, सरळ उभं, अँकरच्या मापाच्या बिटने. स्लॅबच्या कडेपासून, सांध्यापासून किंवा भेगेपासून १५० मिलिमीटरच्या आत अँकर नको. भोकातली धूळ ब्लोअरने काढा. नसेल तर सायकलचा पंप. धुळीवर बसलेला अँकर आवळताना वर येतो. आटे खराब होऊ नयेत म्हणून नट टोकाशी ठेवूनच ठोका, आणि टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. अँकर नुसताच फिरत राहिला तर मोठा ठोकू नका, केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवायचा, भरा. मग प्लॅटफॉर्मचे हाताने लावलेले बोल्ट आवळा आणि लेव्हल परत एकदा बघा, कारण अँकरने पोस्ट ओढलेला असतो.

पहिली गाडी

पहिली गाडी हलकी आणि शक्यतो तुमची स्वतःची. चढवा, हँडब्रेक, चाकांना उटी म्हणजे अडण, गाडीत कुणी नाही. फूटभर उचलून थांबा, चारही पायांपाशी फिरून बघा. पूर्ण वर, लॉकवर, खाली. मग जड गाडी, पण लिफ्टवर लिहिलेल्या क्षमतेच्या आत. तेल धरतंय का हे पाहायला लॉकच्या दोन इंच वर रोपावर दहा मिनिटं ठेवा आणि टेपने मोजा. उतरली तरी लॉकपर्यंतच उतरेल. या परीक्षेतही खाली कुणी जायचं नाही. एरवी काम करताना कायम लॉकवर टेकवूनच, रोपावर एक मिनिटही नाही.

पंधरा दिवसांनी रोप थोडे ताणलेले असतील, टकटक पुन्हा जुळवा आणि अँकर पुन्हा तपासा. दर महिन्याला रोपावरून जाड कापड फिरवा, हाताने नको. तुटलेली तार असेल तर कापड अडकतं. एक रोप गेला की चारही बदला. पावसाळ्याआधी रोपांना तेल, पुल्यांना ग्रीस.

आणि लाइट गेली तर. गाडी लॉकवर असते तेव्हा खाली आणायला आधी ती इंचभर वर उचलावी लागते, तेव्हाच लॉक सुटतात. वीज नाही म्हणजे गाडी वरच. अशा वेळी हेल्पर पोरगा पहार घेऊन लॉक सोडवायला निघतो, त्याला तिथेच थांबवा. जनरेटर असेल तर ठीक, नसेल तर गिऱ्हाइकाला खुर्ची द्या, चहा सांगा, आणि महावितरणच्या फोनला मीच लागतो म्हणा.